घरी तीर कसा करावा

(प्रौढांच्या रात्रवर्गापुढे केलेले भाषण)



आज मी तुम्हाला तीर कसा करावा ते सांगणार आहे. तीर म्हणजे बाण. तीरकामठ्यातला तीर. हसू नका. विषय पोरांच्या खेळाचा असला, तरी काम मोठ्या माणसांचे आहे.

आपल्या जालना जिल्ह्यात जांब हे गाव आहे. समर्थ रामदासस्वामी १६०८ साली तिथे जन्मले. त्यांचे दैवत कोणते? धनुर्धारी राम. रामाच्या हातातले धनुष्य आपण देवळात नेहमी पाहतो, हात जोडतो. पण तो बाण सरळ कसा होतो, असे पोराने विचारले तर? आपण गप्प बसतो. सातपुड्यातले भिल्ल बांधव मात्र गप्प बसणार नाहीत. ते कामठा बांबूचा करतात, आणि त्याची दोरीसुद्धा बांबूच्या चिपेची करतात.

हा खेळ आता शाळेतून खेळतात. फलटण तालुक्यातल्या सरडे गावच्या प्रवीण जाधवचे आईवडील मजुरी करीत. तो २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये देशाकडून खेळला. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ साली बर्लिनमध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, जगज्जेती झाली. त्यांचे तीर कारखान्यातले, महागाचे. शिकाऊ पोराला सुरुवातीला बांबूचा तीर पुरतो. मोडला तर घरी दुसरा करता येतो.

तर मग बांबूपासून सुरुवात करू.

आठ-नऊ मिलिमीटर जाडीचा बांबू घ्यावा. तो कोवळा नसावा, जून असावा. आपल्या बांधावरचा तोडा, नाहीतर बुरुडाकडून विकत घ्या. २०१७ साली कायदा बदलला. शेतातल्या बांबूला आता झाड मानत नाहीत. पण जंगलातला बांबू विचारल्याशिवाय तोडू नये. तोड हिवाळ्यात करावी. काड्यांची घट्ट मोळी बांधून ती दोन-तीन महिने सावलीत ठेवावी. उन्हात टाकली की काडी तडकते. एका डझनासाठी वीस काड्या घ्या. सगळ्याच चांगल्या निघत नाहीत.

वाळलेली काडी थोडीफार वाकडी असतेच. ती विस्तवावर सरळ करतात. ज्वाळेवर नव्हे, निखाऱ्यावर. वीतभर उंचीवर काडी फिरवत राहा. हाताला चांगली गरम लागली की फडक्याने धरा, वाकाच्या उलट बाजूला हलके दाबा, आणि थंड होईपर्यंत तशीच धरून ठेवा. घाई केली की काडी पुन्हा मूळ पदावर येते. आधी मोठे वाक काढा, मग बारीक, आणि गाठीजवळचे सगळ्यात शेवटी. काळी पडू देऊ नका. करपलेला बांबू ठिसूळ होतो. गाठी काचपेपरने घासून गुळगुळीत करा, पण खोल घासू नका.

सरळ झाली हे कसे ओळखावे? एक डोळा मिटून टोकापासून टोकापर्यंत पाहा. मग शहाबादी फरशीवर गडगडवा. टकटक करत गेली तर वाक बाकी आहे. सुरकन गेली तर झाली.

सुताराच्या घरी चौकोनी पट्टीपासूनही दांडा होतो. पट्टीचे रेषे टोकापासून टोकापर्यंत सरळ गेलेले हवेत. मध्येच बाजूला निघालेले रेषे नकोत; तिथेच तीर मोडतो. रंध्याने आधी चार कोपरे काढून आठ बाजू करा, मग सोळा, आणि शेवटी काचपेपरने गोल करा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट ऐका. एक तीर चांगला असून भागत नाही. सगळे तीर सारखे हवेत. सुटताना तीर काठीसारखा ताठ जात नाही, बरं का. दोरीचा धक्का बसला की तो वाकतो आणि कामठ्याला वळसा घालून माशासारखा वळवळत पुढे जातो. म्हणून तीर फार ताठ नको आणि फार लवचिकही नको. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा ताठ तीर डावीकडे जातो, लवचिक तीर उजवीकडे.

हे घरी मोजता येते. भिंतीवर २६ इंच अंतराने, एका पातळीत, दोन खिळे ठोका. त्यांवर काडी आडवी ठेवा. मधोमध सुमारे ९०० ग्रॅमचे वजन टांगा. काडी किती खाली गेली ते पट्टीने इंचांत मोजा. मग २६ ला त्या आकड्याने भागा. एक इंच वाकली तर उत्तर आले २६. म्हणजे ती काडी सुमारे २६ पौंड ओढीच्या कामठ्याला जुळते. सव्वा इंच वाकली तर सुमारे २१. शिकाऊ पोराचा कामठा २० ते २५ पौंडांचा असला की पुष्कळ झाले. आता सांगा, भागाकार शिकल्याचा उपयोग झाला की नाही?

मग काड्या काट्यावर तोला. प्रत्येक काडीवर शाईने नंबर घाला. वहीत तीन रकाने पाडा: नंबर, वजन, वाक. ज्यांचे आकडे जवळजवळ येतात, त्यांचाच जोड करा. बाकीच्या वेलांना आधाराला लावा.

लांबी बेताने ठेवा. पोराने दोरी पूर्ण ओढली असता तीराचे टोक कामठ्याच्या पुढे दोन इंच तरी उरले पाहिजे. तीर आखूड असला तर टोक कामठ्याच्या आत येते आणि सोडताना हातात घुसते. पोर वाढते आहे, तेव्हा लांबच बरा.

बांबूचे जाड टोक पुढे, बारीक टोक मागे. मागच्या टोकाला दोरीसाठी खाच पाडा. खाचेच्या लगेच पुढे गाठ येईल असे पाहा, म्हणजे तीर पुढे चिरत जात नाही. खाचेखाली दोरा आवळून गुंडाळा आणि त्यावर फेव्हिकॉल लावा. दांडा लाकडाचा असेल तर खाच रेष्यांना आडवी पाडा, रेष्यांच्या बाजूने नको.

पिसे तीन लागतात. कोंबड्याच्या पंखातली मोठी पिसे चालतात. तिन्ही एकाच बाजूच्या पंखातली घ्या, कारण डाव्या आणि उजव्या पंखातल्या पिसांचा कल वेगळा असतो. पीस मधोमध चिरून चार इंचांचे तुकडे करा. खाचेपासून इंचभर सोडून, सारख्या अंतरावर चिकटवा. एक पीस वेगळ्या रंगाचे घ्या आणि ते खाचेशी काटकोनात बसवा. तीर लावताना ते पीस कामठ्याच्या उलट बाजूला ठेवायचे. पिसाचे पुढचे टोक दोऱ्याने बांधून दाबून टाका, नाहीतर ते हात कापते.

पुढे सरावाचे बोथट धातूचे टोक बसवा. खेळाच्या सामानाच्या दुकानात मिळते. मग तीर बोटावर तोलून पाहा. तोल मध्यापेक्षा थोडा पुढे आला पाहिजे. मागे आला तर तीर डोलत जातो.

आता जपून ऐका. तीर लावण्यापूर्वी दर वेळी तो दोन्ही हातांनी जरासा वाकवून, कानाशी धरून पाहावा. कडकड आवाज आला, चीर दिसली, तर लगेच मोडून चुलीत घाला. "एवढा एक मारतो" असे पोर म्हणेल. नाही म्हणा. चिरलेला तीर दोरीवर फुटला की त्याची सळई कामठा धरणाऱ्या हातात जाते. घरी केलेल्या वस्तूची जोखीम घरच्या मोठ्या माणसावर असते, दुकानदारावर नसते.

निशाणीला चिंध्या ठासून भरलेले पोते लावा. पोत्यामागे मातीचा उंच बांध असावा. तीर आणायला सगळ्यांनी एकाच वेळी जावे. आभाळाकडे तीर सोडू नये. आणि पाखरू, हरीण, रानडुक्कर यांच्यावर तर मुळीच नाही. १९७२ च्या कायद्याने शिकार गुन्हा आहे. पिकाची नासाडी झाली तर वनखात्याकडे अर्ज द्या. अर्ज लिहिता यावा म्हणून तर हा वर्ग आहे.

शेवटची गोष्ट वहीची. पोराने सहा तीर मारले की कोणत्या नंबरचा कुठे लागला ते वहीत लिहा. चार दिवस लिहा. समजा पाच तीर जवळजवळ लागतात आणि चार नंबरचा रोज डावीकडे जातो. वही नसती तर पोर काय म्हणाले असते? "माझा नेमच वाईट आहे. मला हे जमणार नाही." आणि कामठा कोपऱ्यात टाकून मोकळे झाले असते. वही सांगते की नेम ठीक आहे, चार नंबरचा तीर ताठ आहे. तो बाजूला काढा.

पुष्कळ पोरे अशीच खेळ सोडतात, शाळाही सोडतात. दोष साधनाचा असतो आणि पोर तो स्वतःकडे घेते. बापाला, आईला चार आकडे लिहिता आले, वाचता आले, तर दोष कुणाचा ते घरातच कळते. तुम्हाला अक्षर शिकायचे ते यासाठीही.

तेव्हा या हिवाळ्यात वीस काड्या आणा. नंबर घाला. वही करा.

आता सांगा

१. काडी निखाऱ्यावर का शेकावी, ज्वाळेवर का नको?
२. २६ इंच अंतरावर ठेवलेली काडी ९०० ग्रॅम वजनाने एक इंच वाकली. ती किती पौंडांच्या कामठ्याला जुळेल?
३. तीर लावण्यापूर्वी काय तपासावे?
४. तुमच्या घरातल्या एखाद्या कामाची वही करा. तीन रकाने पाडा आणि चार दिवस लिहा.