वाचनाचा तास कोणाच्या खात्यात?



आमची शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, करारांचे मसुदे आणि कोर्टाचे निवाडे वाचता वाचता. तेव्हा वैद्यकावर बोलण्याचा अधिकार आम्हांला नाही. कामावर बोलण्याचा मात्र आहे.

व्यवसायोपचाराची पहिली शाळा कमलाताई निंबकरांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात काढली. नावावरून लोकांना वाटते की येथे धंदा शिकवतात. पण लहान मुलाचा व्यवसाय कोणता? हाताने जेवणे, बटण लावणे, पाटीवर रेघ ओढणे, आणि खेळणे.

एका इस्पितळातील कामगारांची गाऱ्हाणी ऐकायला आम्ही गेलो होतो. तेथे हे काम करणाऱ्या एक बाई भेटल्या. पगाराचे नाव त्यांनी काढले नाही. म्हणाल्या, "दादा, सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलांची आई दोन एस. टी. बदलून येते, दिवसाची मजुरी बुडवते. आणि आम्ही मुलाचे हातपाय ताणून परत पाठवतो. हे पुरेसे नाही असे आता छापून आले आहे. मला ते वाचायला वेळ नाही."

छापून आले होते हे खरे. २०१३ साली ऑस्ट्रेलियातील आयोना नोवाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ६४ उपचारांचा पुरावा तपासून रस्त्यावरच्या सिग्नलप्रमाणे हिरवा, पिवळा, लाल असे गट पाडले. मुलाला जे काम जमायला हवे त्याच कामाचा सराव, चांगला हात मोज्यात अडकवून दुबळ्या हाताला राबवणे, आईने घरी करून घ्यायचा सराव, हे हिरव्यात. बोबाथ दांपत्याची एके काळी जगभर शिकवली गेलेली पद्धत लाल गटात गेली. त्यावर वाद झाले, होणारच. २०२० साली नवा पुरावा घेऊन तोच आढावा पुन्हा प्रसिद्ध झाला. म्हणजे पदवीच्या वेळी शिकलेले जन्मभर पुरत नाही.

आम्ही आठवड्याला दोन तास वाचनासाठी, कामाच्या वेळेत, अशी मागणी घातली. उत्तर आले, "वाचायचे ते घरी वाचा." घरी त्या बाईंना स्वतःची दोन मुले आहेत! नवे यंत्र आले तर ते शिकण्याचा वेळ कारखान्यात कामाचाच धरावा म्हणून आम्ही भांडतो. नवे ज्ञान आले तर तो वेळ कोणाचा? येथे एक कबुली देतो. आधीच्या मागणीपत्रात हे कलम आम्हीच गाळले होते. वाचन म्हणजे साहेबी चैन, अशी आमची समजूत होती.

शेवटी एक तास मिळाला, शनिवारचा. चौघीजणी मिळून एकच निबंध वाचतात. आधी निष्कर्ष पाहत नाहीत. मुले किती होती, कोणत्या वयाची, तुलना कशाशी केली, हे पाहतात. निवाडा वाचताना आम्हीही शेवटचे पान आधी उघडत नाही, म्हणून ही रीत आम्हांला फार पटली. सरकारी महाविद्यालयांना जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजनेत परदेशी नियतकालिके मिळू लागली आहेत. त्या कक्षेबाहेरच्या या इस्पितळाला नाहीत. तो पत्रव्यवहार चालू आहे.

परवा त्या बाईंनी एका आईला प्रथमच विचारले, "तुमच्या मुलाला काय जमले पाहिजे?" आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "शर्टाचे वरचे बटण." आता ते दोघे रोज त्याच बटणाशी झटत आहेत.