गांजावरचा निबंध लिहिताना

(वर्षावास प्रवचनमालिकेत वाचलेल्या भाषणाचा मजकूर)



या मालिकेत बोलावे असे समितीने सांगितले तेव्हा विषय शोधावा लागला नाही. गेले वर्षभर आमच्या अभ्यास मंडळाच्या पाच जणांनी ज्या कामात डोके घातले, तेच आपल्यापुढे ठेवतो. काम तसे लहान. गांजा या विषयावर दहा-बारा पानांचा, खऱ्या माहितीचा निबंध तयार करायचा आणि आपल्या वाड्यावाड्यांतून वाटायचा. आमच्यात दोन प्राथमिक शिक्षक, एक परिचारिका, एक वकिलीचा अभ्यास करणारा मुलगा आणि एस.टी.तून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. तज्ज्ञ कोणी नाही, हे आधीच सांगून टाकतो.

पहिला मसुदा आम्ही दोन रविवारांत लिहून काढला. आज तो वाचवत नाही. गांजा ओढणारा दोन वर्षांत वेडा होतो. एकदा चिलीम तोंडाला लागली की सुटत नाही. भगवान बुद्धांनी गांजाचे नाव घेऊन मनाई केली आहे. आपल्या जिल्ह्यात इंग्रजांच्या काळी गांजाची शेती होती. अशी एकाहून एक ठसकेबाज वाक्ये. लिहिताना हात कोठे अडखळला नाही. हेतू चांगला होता ना, मग पुरावा कोण विचारतो? पण वकिलीच्या अभ्यासाच्या मुलाने विचारला. तो म्हणाला, "ज्या पोरांसाठी हे लिहिताय त्यांना गांजा आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे. एक वाक्य खोटं निघालं तर ती बाकीचा कागद भेळेला वापरतील." त्या दिवशी ठरले की प्रत्येक वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारायची आणि हे कशावरून, ते शोधायचे.

शेतीचे वाक्य सर्वांत आधी पडले. एका जुन्या इंग्रजी पुस्तकात कोकणात 'हेंप' होतो असे आम्ही वाचले, शब्दकोशात हेंप म्हणजे भांगेचे झाड असे पाहिले आणि लिहून मोकळे झालो. वाडीतल्या एका आजींना ते वाचून दाखवले तर त्या हसल्या. "अरे, तो ताग रे! त्याच्या दोऱ्या वळायचे, जाळी विणायचे." चौकशी केली तर आजी खऱ्या. इंग्रज लोक तागाला 'सन हेंप' म्हणत आणि अंबाडीला 'डेक्कन हेंप'. अंबाडीच्या शास्त्रीय नावात तर 'कॅनाबिनस' असा शब्दच आहे, कारण तिचे पान भांगेच्या पानासारखे दिसते. नशा मात्र काडीची नाही, आपण तिची भाजी खातो. पाच शिकलेली माणसे आणि एक न शिकलेली आजी, असा तो सामना झाला.

खरे झाड एकच. त्याची पाने म्हणजे भांग, मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा आणि त्याचा चीक म्हणजे चरस. नशा आणणारे मुख्य द्रव्य टी.एच.सी.; ते इस्रायलमध्ये गावोनी आणि मेशुलम यांनी १९६४ साली वेगळे काढले. पुढे १९९२ मध्ये मेशुलम यांच्याच प्रयोगशाळेत माणसाच्या मेंदूत आपोआप तयार होणारे, त्याच जागी जाऊन बसणारे एक द्रव्य सापडले. त्याला त्यांनी 'आनंदामाइड' नाव दिले, आपल्या 'आनंद' शब्दावरून.

आता ज्या गोष्टीमुळे आम्ही हे भाषण करीत आहोत ती. मसुद्यात एक उदाहरण होते. आमच्या माहितीतल्या एका वाडीतला तरुण, नाव अर्थातच घातले नव्हते. "गांजाने वेडा झालेला" असे त्याचे वर्णन केले होते. पंचक्रोशीत सगळे तसेच म्हणत. तरी छापण्यापूर्वी त्याच्या आईची परवानगी घ्यावी म्हणून आम्ही तिघे गेलो. तिने ओटीवर चटई टाकली, पाणी दिले आणि सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "बारावीच्या वर्षाला त्याची झोप उडाली. भिंतीतून कोण बोलतं म्हणायचा. तेव्हा तो विडीपण ओढत नव्हता, गुरुजी. गांजा मागाहून, मुंबईस गेल्यावर. तुम्ही कधी विचारलंत?"

आम्ही विचारले नव्हते. वर्षानुवर्षे त्या घरावरून जात होतो, पण विचारले नव्हते.

ती पुढे म्हणाली, "सगळी म्हणाली गांजानं झालं, म्हणून मीपण तेच धरून बसले. गांजा सुटला की बरा होईल, म्हणून दोन वर्षं त्याला डॉक्टरकडे नेला नाही."

परतताना आम्ही कोणी बोललो नाही. त्या दोन वर्षांत आमचाही वाटा होता, कारण 'सगळी म्हणाली' त्यात आम्हीही होतो.

त्यानंतर आमचा शोध वेगळ्या दिशेने गेला आणि एक जुना सरकारी अहवाल हाती आला. २ मार्च १८९३ रोजी ब्रिटिश पार्लमेंटात हिंदुस्थानातील गांजा-भांगेचा प्रश्न निघाला आणि सरकारने मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांचा आयोग नेमला. त्यांत तीन हिंदी सभासद होते. आयोगाने देशभर फिरून १,१९३ साक्षीदार तपासले. १८९४ चा तो अहवाल तीन हजारांहून अधिक पानांचा आहे. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने तो संगणकावर सर्वांना खुला केला आहे, म्हणून आमच्यासारख्यांना रत्नागिरीत बसून वाचता आला. परिचारिका भगिनीने रात्रपाळी संपवून त्यातली वेड्यांच्या इस्पितळांवरची प्रकरणे वाचली.

त्या काळी इस्पितळांच्या नोंदवहीत 'वेडाचे कारण' असा रकाना असे. १८९२ साली देशातील इस्पितळांत १,३४४ रुग्ण दाखल झाले आणि त्यांपैकी २२२ जणांपुढे कारण म्हणून गांजा-भांग लिहिलेली होती. सरकारचे वार्षिक तक्ते त्यावरूनच बनत. आयोगाने एकेका रुग्णाची मूळ चौकशी पुन्हा केली. तेव्हा कळले की पुष्कळ ठिकाणी तो रकाना डॉक्टरने भरलेलाच नाही. रुग्णाला आणणाऱ्या पोलिसाने जे लिहून दिले तेच इस्पितळात उतरवून घेतले होते. माणूस गांजा ओढत असे एवढे कळले की कारण मिळाले, पुढे कोणी पाहिले नाही. फेरतपासणीत २२२ पैकी ९८ उरले. त्यातही निव्वळ गांजा-भांग हे कारण मानता येईल असे ६१ आणि इतर कारणांच्या जोडीने ३७.

आपल्या गावाचे नाव काढले की बाहेरची माणसे मनोरुग्णालयावरून थट्टा करतात, हे आपण सर्वांनी सोसले आहे. येथील रुग्णालय १८८६ चे, म्हणजे या आयोगाहूनही जुने. असल्या रकान्यांचे दिवस त्याने पाहिले असतील. आणि आम्ही काय केले होते? त्या पोरापुढे तोच रकाना, त्याच पद्धतीने भरला होता. पोलिसाला निदान घाई होती असे म्हणता येईल.

हा अहवाल आम्ही डोळे मिटून मान्य केला असे नाही. गांजावर सरकारला अबकारी उत्पन्न होते, आणि आयोगाने बंदीऐवजी कर व नियंत्रण सुचवले, हे वाचताना लक्षात ठेवावे लागते. माफक सेवनाने सहसा अपाय नाही, अतिसेवनाने आहे, असा त्याचा निष्कर्ष. हिंदी सभासदांपैकी दोघांनी आपले वेगळे मत जोडले आहे. शिवाय अहवाल सव्वाशे वर्षांहून जुना.

म्हणून अलीकडचे संशोधन पाहिले. तेथे आमच्या दुसऱ्या टोकाच्या समजुतीलाही धक्का बसला. कारण आईच्या भेटीनंतर आमच्यातले दोघे 'गांजाचा आणि वेडाचा संबंधच नाही' असे म्हणू लागले होते. संबंध आहे. स्वीडनमध्ये सैन्यभरतीला आलेल्या ४५,५७० तरुणांवर पंधरा वर्षे लक्ष ठेवून १९८७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भरतीपूर्वी पन्नासहून अधिक वेळा गांजा-चरस घेतलेल्यांत स्किझोफ्रेनिया न घेणाऱ्यांच्या सहापट आढळला. घरची परिस्थिती, आधीचा मानसिक त्रास वगैरे बाबी हिशेबात धरल्यावर ते प्रमाण दुपटीच्या थोडे वर आले. दोन्ही आकडे आम्ही निबंधात दिले आहेत. सहाचा आकडा एकटा दिला असता तर भीती जास्त बसली असती, हे कबूल. पण ज्याला हा आजार आधीच आहे किंवा घराण्यात आहे, त्याच्यासाठी गांजा म्हणजे आगीत तेल, एवढे दुपटीवरूनही सांगता येते. सवयीचेही तसेच. ओढणाऱ्यांपैकी साधारण दहात एक जण व्यसनाधीन होतो. कोवळ्या वयात सुरुवात केली तर सहात एक. 'एकदा ओढला की सुटत नाही' हे वाक्य गेले.

आणि दारू? केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या पाहणीचा २०१९ चा अहवाल सांगतो की देशात वर्षभरात दारू घेणारे सुमारे १६ कोटी, भांग-गांजा-चरस मिळून घेणारे ३ कोटी १० लाख. गांजावर निबंध लिहा म्हणून आम्हांला सांगणाऱ्यांत शिमग्याला टाकून येणारे दोघे होते. असो.

कायद्याचे प्रकरण वकिलीच्या मुलाने लिहिले, तेच वाडीत सर्वांत जास्त वाचले जाते. १९८५ च्या एन.डी.पी.एस. कायद्यात गांजा १ किलोपर्यंत असेल तर एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच्यावर, २० किलोच्या आत, दहा वर्षांपर्यंत. त्याहून जास्त सापडला तर किमान दहा वर्षे, आणि जामीन मिळणे महाकठीण. 'बॅग फक्त पोचव, हजार रुपये घे' असे सांगून ज्या गरिबाच्या पोराच्या हाती बॅग देतात, त्याला आत किती किलो आहे हे माहीत नसते. दुसरीकडे, व्यसनाधीन माणूस स्वतःहून उपचाराला गेला तर सेवनाच्या किंवा किरकोळ प्रमाणाच्या खटल्यातून सूट देणारे ६४-अ हे कलमही त्याच कायद्यात आहे. ते आम्ही जाड ठशात छापले.

पाचव्या शीलाविषयी थोडा वाद झाला. त्यात सुरा आणि मेरय ही मद्ये नावाने आली आहेत, गांजा नाही. मनाई आहे ती मादक पदार्थांनी येणाऱ्या प्रमादाची, म्हणून गांजा त्यात अर्थाने येतो. एक ज्येष्ठ उपासक रागावले. हे कशाला लिहायचे, 'मनाई आहे' एवढे पुरे, म्हणाले. आम्ही त्यांना विचारले की शील घेतलेल्याला हा निबंध लागतो कशाला? ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, ठीक आहे, पण ते वाक्य शेवटी नको, मध्ये घाला. मध्ये घातले आहे.

निबंध आता बारा पानांचा झाला. त्या तरुणाचे उदाहरण काढून टाकले. आईकडे पुन्हा गेलो, नवी पाने वाचून दाखवली. त्याचे औषध आता चालू आहे, तो आत झोपला होता. तिने तिच्या तोंडचे एक वाक्य घालायला सांगितले, ते चौथ्या पानावर जसेच्या तसे आहे: "पोराची झोप उडाली, कोणी नसताना बोलणं ऐकू येऊ लागलं, तर आधी डॉक्टर गाठा, गांजा ओढतो का ते मागाहून विचारा."

प्रती बाहेर टेबलावर ठेवल्या आहेत, मूल्य नाही. शेवटचे अर्धे पान कोरे आहे. चूक आढळली तर तेथे लिहून प्रत विहाराच्या कपाटात आणून द्यावी. आजवर तीन आल्या आहेत, दोन खऱ्या होत्या.

जयभीम.