आपली लेखणी आपण घडवावी

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



महाभारत लिहिताना लेखणी मोडली, तेव्हा गणरायाने आपल्या दाताची लेखणी केली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. आज मी त्याच विषयावर दोन शब्द बोलणार आहे. लिहिण्याचे साधन आपल्या हाताजोगे करून घेतले, तर ते किती वर्षे फळ देते?

आपल्या कोलकात्याचा फोर्ट विल्यम २०२४ च्या अखेरीस 'विजय दुर्ग' झाला. पण त्या नावाशी मराठीचे नाते फार जुने आहे. १८०० साली स्थापन झालेल्या फोर्ट विल्यम कॉलेजात विल्यम कॅरी मराठी शिकवत. पंडित वैजनाथ शर्मा त्यांच्या हाताशी असत. १८०५ मध्ये कॅरींचे मराठी व्याकरण देवनागरीत छापले गेले. मात्र मराठी माणसाचा रोजचा कारभार मोडीत चाले. म्हणून श्रीरामपूरच्या छापखान्यात मोडीचे खिळे तयार झाले आणि १८१० चा मराठी कोश मोडीत निघाला. अक्षर न् अक्षर घडवायचे, काम किचकट. पण पुढे १८१४ ची 'सिंहासनबत्तिशी' आणि १८१५ चा 'हितोपदेश'ही मोडीतच छापले गेले. कष्ट आधी, फळ मागाहून!

आज आपला छापखाना म्हणजे संगणक. त्यात साधा मजकूर लिहिण्यासाठी 'टेक्स्ट एडिटर' असतो. मी ईमॅक्स वापरतो. सुरुवातीला त्याच्या सेटिंग्जमध्ये कित्येक रविवार गेले, सौभाग्यवती म्हणाल्या, "लिहिणार कधी?" त्यांचे बरोबर होते. तेव्हापासून एक नियम केला : एकच अडचण तीनदा आली, तरच सेटिंग बदलायचे.

आई वाईहून फोन करी. बोलता बोलता उतरंड, कणगी, शिंके असे शब्द येत. ते टिपेपर्यंत ती पुढे गेलेली असे. मग मी अशी सोय केली, की दोन अक्षरे दाबली की तारीख आणि "आई म्हणाली" एवढे आपोआप उमटावे. त्यामुळे शब्द निसटेनासे झाले. पुढे डोळे अधू झाले, तेव्हा एका ओळीत अक्षर मोठे केले. तीन संगणक बदलले. सेटिंग्जची ती छोटी फाइल मात्र तीच राहिली.

आता आई नाही. पण ती वही आहे, साध्या मजकुरात, कोणत्याही संगणकावर उघडणारी. कोलकात्यात वाढलेली माझी नात ती वाचते आणि विचारते, "आजोबा, उतरंड म्हणजे काय?" मला आणखी काय हवे?

मुलांनो, मिळाले तसे साधन वापरू नका. थोडे थोडे आपलेसे करा, आणि मग त्याने भरपूर लिहा.

गणपती बाप्पा मोरया!