यंत्राने गाण्यामागून चालावं

कोलकात्यातल्या दोन जोड्या आज तुमच्यापुढे ठेवतो. पहिली निश्चय पारेख आणि जीवराज सिंग यांची. फिक्या गोड रंगांचे सूट, इंग्रजी शब्द, खोलीचं दार लावून स्वतःशीच गुणगुणावं तसा गळा. ‘बेडरूम पॉप’ म्हणतात ते हेच, किंवा त्याचं सख्खं भावंड. 2016 साली लंडनच्या पीसफ्रॉग कंपनीने त्यांचा ‘ओशन’ अल्बम काढला, 2019 मध्ये ‘सायन्स सिटी’ आला. बाउल-भाटियाली या बंगाली लोकगीतांचा त्यात मागमूस नाही, आणि माझी तक्रारही नाही.

दुसरी जोडी मौसुमी भौमिक आणि सुकांत मजुमदार यांची. त्या गायिका, ते ध्वनिमुद्रक. 2003 पासून ‘द ट्रॅव्हलिंग आर्काइव्ह’ या नावाने दोघं पश्चिम बंगाल, बांगलादेश पालथे घालताहेत. गाणारा असेल तिथे जायचं, तिथेच ऐकायचं, तिथेच मुद्रण करायचं. साहजिकच गाण्याबरोबर ती जागाही मुद्रणात येते.

लॅपटॉपवर लोकगीत घेणाऱ्या तरुणांना या दोन जोड्यांच्या मधलं काहीतरी करायचं असतं. लगेच ‘बाटवलं’ अशी हाकाटी सुरू होते. मला ती पटत नाही. लोकगीताच्या घरात यंत्र कालपरवा शिरलेलं नाही. आर्नोल्ड बाके हे डच अभ्यासक 1925 साली शांतिनिकेतनात आले आणि 1931 ते 1934 या काळात त्यांनी बंगालमधली गाणी मेणाच्या नळकांड्यांवर उतरवून घेतली. नळकांड्यावर मावणार जेमतेम दोन-चार मिनिटं. रात्रभर चालणारं गाणं तेवढ्यात बसवायचं! मौसुमी आणि सुकांत त्याच मुद्रणांचा माग काढत पुन्हा गावोगाव फिरले.

तेव्हा यंत्र लांबी कापायचं, आता ते लय कापतं. संगणकावर गाणं रचायला बसलात की पडद्यावर सारख्या अंतराच्या उभ्या रेघा असतात. गळा जरा मागे रेंगाळला की एका बटणात तो रेघेवर आणून बसवता येतो. आता जात्यावरची ओवी घ्या. वैरण घातली की पाळं जड होतं आणि ओळ लांबते. दाणे सरत आले की हात सुटतो आणि शब्द भरभर येतात. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्यात राहून अशा लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांतली एखादी रेघेवर ठोकून बसवलीत तर गळा उरेल, दळण जाईल. माझा आग्रह एवढाच, की आधी बाईचा गळा जसा आहे तसा ठेवा आणि ठेका त्याच्या मागून हाताने वाजवा. वेळ लागतो. लागू द्या.

लोकगीतातला सरकता सूर मात्र या यंत्रांना परका नाही. बाउलाचं खमक पाहिलंय? काखेत लाकडी पिंप, त्याच्या चामड्यातून निघालेली तार, तारेचं दुसरं टोक मुठीत. मूठ ताणली की सूर वर सरकतो, सैल सोडली की खाली घसरतो. आपल्या जोगतिणींचं चौंडकं याच घराण्यातलं. डोळे मिटून ऐकलंत तर सिंथेसायझरवर कुणी सूर वाकवतोय असंच वाटेल. जोगतिणींच्या सौंदत्तीच्या वाटेवर जे शतकानुशतकं वाजतंय, त्याला ‘प्रायोगिक’ म्हणायचं धाडस माझ्यात नाही.

अवघड आहे ते नावाचं प्रकरण. बीरभूम जिल्ह्यातल्या सिउडीचे रतन कहार यांनी 1972 साली एक गाणं रचलं. 1976 साली स्वप्ना चक्रवर्तींच्या आवाजात त्याची रेकॉर्ड निघाली आणि ते बंगालभर झालं. 2020 च्या मार्चमध्ये रॅपर बादशाहच्या ‘गेंदा फूल’ मध्ये त्यातल्या ओळी आल्या, पण श्रेयनामावलीत कहार नव्हते. बंगालमध्ये ओरड झाली, मग बादशाहने त्यांना पाच लाख रुपये दिले. कहारांना पद्मश्री मिळाली 2024 साली. गाणं इतकं पसरलं होतं की ते ‘पारंपरिक’च असणार असं लोकांनी धरून चाललं, आणि रचणारा सिउडीत हयात होता.

म्हणून पुण्या-मुंबईच्या खोल्यांतून जी पोरं ओव्या, भारुडं लॅपटॉपवर घेताहेत, त्यांना मी दोनच गोष्टी विचारतो: ही बाई कोण, गाव कुठलं? आणि तिला तुम्ही हे ऐकवलंत का? ऐकवलं असेल, तर पुढे सिंथ किती वाजवायचा ते त्यांचं त्यांनी ठरवावं.