पाण्याची वही

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मी व्यवसायाने कापड दुकानदार. बी.कॉम. झाल्यावर वडिलांच्या गादीवर बसलो, तो आजतागायत. व्याख्यान देण्याचा अधिकार माझा नाही. परंतु संस्थेच्या विद्यार्थी स्पर्धांशी माझा गेली अनेक वर्षे संबंध आहे आणि त्यांविषयी दोन शब्द सांगावेत, अशी समितीची आज्ञा झाली. ती शिरसावंद्य मानून उभा आहे.

माझ्या मातोश्रींच्या निधनानंतर, बावीस वर्षांपूर्वी, त्यांच्या स्मरणार्थ महावीर जयंतीला निबंध स्पर्धेचे पारितोषिक मी सुरू केले. विषय बहुधा पाण्याचाच असे. ‘पाणी हेच जीवन’, ‘पाणी वाचवा, देश वाचवा’, ‘थेंबे थेंबे तळे साचे’. मी चांदीचे नाणे देत असे, टाळ्या होत, छायाचित्र निघे. निबंध मात्र मी कधी वाचले नव्हते. दोन वर्षांपूर्वी परीक्षक गुरुजी आजारी पडले आणि ४६ वह्या माझ्या दुकानी येऊन पडल्या. त्यांपैकी ३१ निबंधांचे पहिले वाक्य एकच होते. शिकवणीतला मजकूर कोणता आणि मार्गदर्शिकेतला कोणता, एवढाच काय तो निवाडा करायचा होता. दोष मुलांचा नव्हे. आपण सुविचार मागितले, त्यांनी सुविचार दिले.

पहिला क्रमांक आलेली मुलगी इयत्ता नववीतली. कौतुकाने तिला विचारले, “बाळ, तुमच्या घरी दिवसाला किती पाणी लागतं?” ती विचारात पडली आणि सरळपणे म्हणाली, “काका, मला नाही माहीत. तुमच्या घरी किती लागतं?”

तिच्या बोलण्यात उद्धटपणाचा लवलेश नव्हता. दुकानातल्या कोणत्या ताग्यात किती मीटर कापड शिल्लक आहे हे मी झोपेतून उठवले तरी सांगेन. घरातल्या पाण्याचे मात्र मला काहीच सांगता आले नाही. वीस वर्षे मी पाण्यावर बक्षीस देत होतो!

दुसऱ्याच दिवशी वही घातली. आंघोळीच्या बादल्या, धुणे, भांडी, फरशी, झाडे, सर्व आठवडाभर लिहिले. सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, दुकानातली वही आता मोरीतही आणलीत का?” हिशेब निघाला तो असा : पाच माणसांना रोजचे सुमारे ९५० लिटर, म्हणजे माणशी १९०. शहरी पाणीपुरवठ्याच्या योजना आखताना माणशी १३५ लिटर धरतात, तर जल जीवन मिशनमध्ये खेड्यातील घरासाठी माणशी ५५ लिटर. एका माणसामागे साडेतीन खेडुतांचे पाणी आम्ही वापरीत होतो, आणि तेही स्वतःला काटकसरी समजून.

तेव्हापासून विद्यार्थ्यांच्या पाणीविषयक स्पर्धांबद्दल मिळेल ते वाचीत गेलो. स्वीडनमधील स्टॉकहोम येथे १९९७ पासून कनिष्ठ जलपुरस्कार दिला जातो. १५ ते २० वर्षे वयाची मुले आधी आपापल्या देशात स्पर्धा करतात, आणि तेथे निवडली गेलेली ऑगस्टमध्ये जागतिक जलसप्ताहासाठी स्टॉकहोमला जमतात. या स्पर्धेला निबंध चालत नाही. पाण्याचा एखादा प्रश्न घ्यायचा, स्वतः प्रयोग करायचा, मोजायचे आणि परीक्षकांच्या उलटतपासणीला तोंड द्यायचे. २००७ साली मेक्सिकोच्या मुलांनी अंड्याच्या टरफलांनी पाण्यातील शिसे काढून दाखविले. (टरफलांचा उपयोग आपल्या घरी होणार नाही, हे मी जाणतो!) २०१६ साली थायलंडच्या तीन मुलींनी अननसाच्या कुळातील एका वनस्पतीचे निरीक्षण केले. पानांच्या बेचक्यात ती पाणी कसे धरून ठेवते हे पाहून त्यांनी तसेच साधन बनविले आणि रबराच्या झाडांना बांधले. २०१९ साली ऑस्ट्रेलियाच्या मुलीने बाटलीवर लावायची अशी चिकटपट्टी केली की, उन्हात ठेवलेल्या पाण्याला निर्जंतुक होण्याइतकी अतिनील किरणे मिळाली की नाहीत हे कळावे.

आपल्या देशातही १९९३ पासून राष्ट्रीय बालविज्ञान परिषद भरते. १० ते १७ वयाची मुले गट करून आपल्याच परिसरातील प्रश्नाचा अभ्यास करतात. त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही आणि मातृभाषाही चालते. ही गोष्ट शहरातल्या पालकांपेक्षा खेड्यातल्या शिक्षकांनाच अधिक ठाऊक असते, असा माझा अनुभव आहे.

आता जरा माझ्या धंद्याचे बोलतो. स्टॉकहोमचाच मोठ्यांचा जो जलपुरस्कार आहे, तो २०१० साली अमेरिकेच्या शास्त्रज्ञ रिटा कोलवेल यांना मिळाला. बांगलादेशातील खेड्यांत त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्त्रियांना एवढेच शिकविले की, जुनी सुती साडी निदान चार पदरी करून घागरीच्या तोंडावर धरावी आणि तळ्याचे पाणी तिच्यातून गाळावे. त्यांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. अशा गावांत पटकीचे रुग्ण जवळजवळ निम्म्याने घटले होते. कारण असे की, पटकीचे जंतू पाण्यातल्या सूक्ष्म जलजीवांना चिकटून राहतात. ते जलजीव कापडात अडकले की त्यांच्यासोबत पुष्कळसे जंतूही अडकतात. आणि नव्या साडीपेक्षा जुनी अधिक उपयोगी पडते! कापडवाल्याला याचे नवल वाटत नाही. नव्या कापडाला खळ असते, वीण मोकळी असते. धुऊन धुऊन सूत फुलते आणि छिद्रे बारीक होतात. पॉलिएस्टरचे सूत असे फुलत नाही, म्हणून त्याचे गाळणे मी कोणाला देत नाही, गिऱ्हाइकाने मागितले तरी.

माझी आई माठावर दुहेरी गाळणे बांधीत असे, आणि गाळण्यात राहिलेले पाणी मोरीत न ओतता ज्या विहिरीचे त्याच विहिरीत अलगद सोडीत असे. कोलवेलबाईंचे वाचल्यावर मला प्रथम तीच आठवली. मात्र आपल्या पूर्वजांना पटकीचे जंतू ठाऊक होते, असे मी म्हणणार नाही. व्यासपीठावरून असे दावे पुष्कळ होतात. मला ते रुचत नाहीत. त्यांचा हेतू जीवदयेचा होता, आणि तो स्वयंपूर्ण आहे. शिवाय गाळल्याने सगळे जंतू जात नाहीत. पाणी उकळावेही लागते, हे आपल्या घरांत सांगायला नको. पण कोरे कापड, धुतलेले कापड आणि पॉलिएस्टर यांतून एकाच विहिरीचे पाणी गाळून भिंगाखाली पाहण्याचा प्रयोग सातवीचे मूलही करू शकेल.

दुसरा हिशेब पावसाचा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आपल्या सभागृहाचे छप्पर २०० चौरस मीटर आहे. वर्षाचा पाऊस ६०० मिलिमीटर धरला आणि पाचवा हिस्सा वाया जाऊ दिला, तरी ९६,००० लिटर उरतात. एप्रिल २०१६ मध्ये आपल्या मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. ते पाहण्यास मी स्टेशनवर गेलो होतो. अशा पाच छपरांवर तेवढेच पाणी दरवर्षी पडते आणि गटारात जाते, हे त्या वेळी माझ्या मनातही आले नाही. पुढे ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फुटांची. माझ्या दुकानात खालचे सारे कपाट भिजले. नदीचे रोजचे आकडे वर्तमानपत्रात येत होते. मी बाजारभाव वाचीत होतो.

म्हणून गेल्या वर्षी निबंध बंद करून वसतिगृहात एक प्रयोग केला. सहा-सहा मुलांचे गट, प्रत्येक गटाला एक वही, एक मोजपात्र आणि घड्याळ. एक महिना मोजायचे. एका गटाने २६ नळ तपासले. ११ गळत होते. एका नळाखाली लिटरभराचे पात्र ४० मिनिटांत भरले, म्हणजे दिवसाला ३६ लिटर. दुसरा गट मात्र सभागृहाच्या गच्चीवर गेला. तेथे त्यांना दिसले की टाकी भरून वाहू लागते, मग रखवालदारास कळते, मग तो मोटार बंद करतो. टाकी वाहणे हीच मोटार बंद करण्याची खूण! मुलांनी वाहत्या नळीखाली १५ लिटरची बादली धरली; ती ३० सेकंदांत भरली. रोज सुमारे २० मिनिटे. दिवसाला ६०० लिटर, वर्षाला २ लाख १९ हजार.

रखवालदारावर कोणी रागावू नये. त्या मोटारीचे विजेचे बिल गेली अकरा वर्षे कोषाध्यक्ष या नात्याने मीच मंजूर करीत आलो आहे. सही माझी आहे.

या अहवालाला प्रथम क्रमांक द्यावा की नाही यावर समितीत चर्चा झाली. सुवर्णमहोत्सवी वर्षात संस्थेची उणीव कशाला दाखवायची, असे काही ज्येष्ठांचे मत पडले. ते संस्थेवरील प्रेमापोटीच होते. एका सद्‌गृहस्थांनी सुचविले की नळांचा अहवाल छापावा, टाकीचा वगळावा. मी नम्रपणे विरोध केला. ताळेबंदात तोटा लपविला तर लेखापरीक्षक सही करीत नाही, आणि येथे लेखापरीक्षक तेरा-चौदा वर्षांचे होते. अखेरीस अध्यक्ष महोदयांनी कौल दिला. अहवाल याच स्मरणिकेत, मुलांच्याच शब्दांत, एक ओळही न गाळता छापला जात आहे. टाकीला पाणी भरताच मोटार आपोआप बंद करणारे साधन बसविले असून त्याचा खर्च माझ्याकडून वसूल करावा, अशी मी समितीला विनंती केली आहे.

यंदापासून मातोश्रींच्या नावाचे पारितोषिक निबंधाला नसून पाण्याच्या वहीला राहील. इयत्ता सहावी ते अकरावीच्या विद्यार्थ्यांनी गट करून नावे कार्यालयात द्यावीत. वह्या आणि मोजपात्रे दुकानातून विनामूल्य मिळतील. घरातले मोजा, शाळेतले मोजा, मंदिराच्या आवारातले मोजा. परवानगी लागली तर माझे नाव सांगा. परीक्षक म्हणून आपल्या समाजातील दोन अभियंते आणि विज्ञानाच्या एक शिक्षिका यांनी होकार दिला आहे. आणि नववीतल्या त्या मुलीला, ती आता अकरावीत आहे, मी माझी आठवड्याची वही तपासायला दिली होती. तिने धुण्याच्या हिशेबात माझी ४० लिटरची चूक काढली आहे.

जयजिनेंद्र.