दोन दिवसांचं लिस्बन

ही 2017 च्या मार्च महिन्यातली गोष्ट आहे. मी तेव्हा नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट इथं पाण्याच्या नियोजनाचं शिक्षण घेत होते. कर्ज काढून शिकायला गेलेली मुलगी मी. कॉफीचा पेला घेतानाही मनात युरोला सत्तरनं गुणायचे. वर्गातली मुलं शुक्रवारी पाठीला पिशवी लावून पॅरिसला, ब्रसेल्सला जायची आणि मी खोलीत वरण-भाताचा कुकर लावायचे.

एके दिवशी मात्र लिस्बनचं विमानाचं तिकीट फार स्वस्तात दिसलं. नेदरलँड्सचा राहण्याचा परवाना असला, की शेंगेन करारातल्या दुसऱ्या देशात थोडे दिवस जायला वेगळा व्हिसा लागत नाही. पोर्तुगाल त्या करारात आहे. मी बाबांना न विचारताच तिकीट काढलं.

लिस्बनच का? मी वसईची, नंदाखालची. 1534 साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा यानं वसई पोर्तुगीजांना दिली. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. मधली दोनशे पाच वर्षं आमच्यावर लिस्बनच्या राजाचा अंमल होता. त्या काळातल्या जुलमाच्या आणि सक्तीच्या कथा आहेत, तशीच त्या काळात उभी राहिलेली आमची चर्चही आहेत. आमचं घराणं त्याच काळात ख्रिस्ती झालं. ज्या शहरातून आमचा कारभार चालला ते एकदा पाहावं, असं लहानपणापासून वाटायचं.

निघायच्या आदल्या रात्री आजीशी फोनवर बोलले. फक्त तिलाच सांगितलं. ती म्हणाली, "जाऊन ये बाय. आणि तिथल्या लोकांना विचार, आपली वसई त्यांना ठाऊक आहे का?"

आजी हे आमच्या कादोडीत बोलली. कादोडी ही आमची बोली. वसईतले सामवेदी ब्राह्मणही ती बोलतात आणि आम्ही ख्रिस्तीही. मी मात्र तिला नेहमीप्रमाणे शाळेतल्या मराठीत उत्तर दिलं. पाचवीत असताना माझ्या बोलण्यावर वर्ग हसला होता. बाईंनी शब्द सुधारून चारदा म्हणायला लावला होता. त्या दिवसापासून मी घरातही कादोडी बोलणं सोडलं. आजी तिच्या बोलीत बोलायची, मी माझ्या. पंधरा वर्षं आमचं असंच चाललं होतं.

शुक्रवारी रात्री लिस्बनला उतरले. घड्याळ एक तास मागे घेतलं. अल्फामा या जुन्या भागात एका बाईंच्या घरी खोली घेतली होती. चढणीच्या दगडी पायऱ्या, गल्ल्या इतक्या अरुंद की समोरच्या खिडकीतले वाळत घातलेले कपडे हाताला लागावेत. बाई सत्तरीच्या असतील, इंग्रजी बेताचंच. त्यांनी माझ्या हातात लोखंडी किल्ली ठेवली आणि म्हणाल्या, "शाव."

मी चटकन म्हटलं, "चावी!"

त्या हसल्या. बोट हलवून त्यांनी मला सुधारलं, "च नाही, श. शाव." मीही शहाण्या मुलीसारखं दोनदा "शाव, शाव" म्हटलं. का कोण जाणे, मला पाचवीचा वर्ग आठवला.

सकाळी न्याहारीला पाव आला. त्याला त्या 'पांव' म्हणाल्या. बटाट्याला 'बताता'. खिडकीचं बिजागर करकरत होतं, ते 'बिझाग्रा'. आपले पगार, लिलाव, मेस्त्री, फीत, घमेलं हे शब्दही त्याच भाषेतून गोवा, चौल, वसईच्या बंदरांवर उतरले आणि पुढं महाराष्ट्रभर गेले. मी आजीनं दिलेली सुकेळी पुढं केली. राजेळी केळी उन्हात वाळवून आमच्याकडे ती करतात. बाईंना फार आवडली. मग मी आजीचा प्रश्न विचारला. वसईचं पोर्तुगीज नाव 'बासाईं', तेही सांगून पाहिलं. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "गोवा?"

वसई त्यांना ठाऊक नव्हती. खरं सांगते, मला वाईट वाटलं.

शनिवारी कार्मोचं चर्च पाहिलं. आत पाऊल टाकलं आणि थबकले. उंच कमानी उभ्या आहेत, पण वर छप्पर नाही, नुसतं आभाळ. वसईच्या किल्ल्यातल्या चर्चमध्ये उभं राहिल्यावर दिसतं, अगदी तसंच. 1 नोव्हेंबर 1755 ला लिस्बनला मोठा भूकंप झाला. सर्व संतांचा सण होता, सकाळची वेळ, माणसं चर्चमध्ये होती. पाठोपाठ समुद्राच्या लाटा आल्या आणि आगी लागल्या. मार्किस द पोंबाल या मंत्र्यानं नदीकाठचा भाग नव्यानं, सरळ रस्ते आखून बांधून घेतला. धक्का सोसावा म्हणून भिंतींच्या आत लाकडी सांगाडे घातले. कार्मोचं छप्पर मात्र पुन्हा चढलं नाही.

त्या भूकंपात नदीकाठचा राजवाडा गेला, त्यातलं ग्रंथालय गेलं आणि हिंदुस्थानचा व्यापार पाहणाऱ्या कचेरीची दप्तरंही गेली. वसई पोर्तुगीजांच्या हातून गेली, त्याला तेव्हा सोळाच वर्षं झाली होती. त्या दप्तरांत आमच्या गावांबद्दल काय काय लिहिलेलं असेल, असं मनात आलं.

रविवारी बेलेंला गेले. जेरोनिमो मठात वास्को द गामाची कोरीव समाधी आहे. तिच्याभोवती फोटो काढणाऱ्यांची गर्दी होती. मी दोन मिनिटं उभी राहिले आणि बाहेर तेजो नदीच्या काठावर जाऊन बसले. ज्या पाण्यातून गलबतं आमच्याकडे निघाली, ते पाणी पाहिलं. रात्रीच्या विमानानं परतले. सगळा खर्च एकशे तीस युरो. गुणाकार केला आणि पुढचा महिनाभर बाहेरची कॉफी बंद केली.

खरी गोष्ट त्यानंतरची आहे. 'शाव' डोक्यातून जाईना. ग्रंथालयात पोर्तुगीज भाषेच्या इतिहासावरचं पुस्तक काढलं. त्यात दिसलं, की सोळाव्या शतकात पोर्तुगीज माणूसही या शब्दात 'च'च म्हणत असे. 'श' नंतर आला, सतराव्या शतकापासून रूढ होत गेला. उत्तर पोर्तुगालच्या काही खेड्यांत अजूनही 'च' ऐकू येतो. म्हणजे वसईला गलबतं लागली तेव्हाचा उच्चार लिस्बननं टाकला आणि आपण 'चावी'त जपला. बाईंनी माझी चूक काढली, पण ती चूक नव्हती. तो जुना उच्चार होता.

मग पाचवीतला तो शब्द तरी चूक होता का?

त्या रात्री आजीला फोन केला. "काय गं, ठाऊक आहे का त्यांना वसई?" तिनं विचारलं. मी कादोडीत उत्तर दिलं. अडखळत, शब्द शोधत. पलीकडे क्षणभर शांतता. मग आजी म्हणाली, "आवाज नीट येत नाही बघ. परत सांग." आवाज नीट येत होता. तिला ते पुन्हा ऐकायचं होतं.

वसईला परतल्यावर मी एक वही केली. दुपारी आजी ओट्यावर बसून फुलं निवडायची, मी शेजारी बसायचे. विहिरीचे, वाडीचे, चुलीचे, लग्नातल्या विधींचे शब्द ती सांगायची, मी लिहून घ्यायचे. 2020 साली आजी गेली. वहीची काही पानं कोरी राहिली. पंधरा वर्षं आधी सुरुवात केली असती, तर राहिली नसती.

तुमच्या घरी आगरी, वाडवळी, मालवणी, अहिराणी, कोणतीही बोली बोलणारं वडीलधारं माणूस असेल, तर आज दुपारी त्यांच्याजवळ बसा. चार शब्द विचारा, लिहून ठेवा. आणि त्यांना उत्तर त्यांच्याच बोलीत द्या. अडखळलात तरी चालेल.