जुना बंगला आणि दाराबाहेरची माणसे

(संस्थेच्या वार्षिक मित्रमेळाव्यात बांधकाम समितीच्या वतीने केलेले भाषण. जे मित्र येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी येथे देत आहोत. – संपादक)





सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आपल्या आवारातला जुना मिशन बंगला तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला आहे. बरीच वर्षे तो बंद होता. आता त्याची डागडुजी करून तिथे आरोग्य व प्रार्थना सेवाघर सुरू करावे, असे कार्यकारी मंडळाने ठरवले आहे. ते रुग्णालय असणार नाही. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी डॉक्टरांची तपासणी होईल. जिल्हा रुग्णालयात जाणाऱ्या किंवा तिथून परतणाऱ्या रोग्याला दोन रात्री टेकायला जागा मिळेल. लांब चालणाऱ्या औषधोपचारात कोणीतरी सोबत करील. ज्याला हवी असेल त्याच्यासाठी प्रार्थना होईल. चांगल्या शोमरोन्याने जखमी माणसाला ज्या उतारशाळेत नेले, तसे हे घर व्हावे अशी आमची इच्छा आहे.

मागच्या बैठकीत काही मित्रांनी विचारले, “जुने पाडून नवे सिमेंटचे का बांधत नाही? दिसायलाही बरे दिसेल.” प्रश्न रास्त आहे. दान तुमचे आहे, तेव्हा उत्तर मिळण्याचा हक्कही तुमचा आहे.

नहेम्या यरुशलेमेस पोहोचल्यावर त्याने लगेच दगड उचलायला सांगितले नाहीत. तो रात्री थोड्या माणसांना घेऊन बाहेर पडला आणि पडलेल्या भिंतीभोवती फिरून त्याने तिची पाहणी केली. आम्हीही आधी तेच केले. एका पावसाळ्यात बंगल्यात जाऊन पाणी कुठून येते ते पाहिले. सागवानी खांब व तुळया बहुतेक शाबूत आहेत. वाळवी लागली आहे ती पश्चिमेकडच्या काही वाशांना आणि रिपांना, कारण त्या बाजूची कौले सरकली होती आणि तिथले लाकूड वर्षानुवर्षे भिजत राहिले. आढे मात्र सरळ आहे. म्हणजे छप्पर सगळे काढायचे नाही. खराब वासे बदलून पुन्हा शाकारायचे आहे.

ही कौले मंगलोरी आहेत. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला. ख्रिस्ती झाल्यामुळे ज्यांचे घरदार आणि पोटापाण्याचा धंदा तुटला होता, त्यांना काम मिळावे हाही त्यामागे एक हेतू होता. आपल्या डोक्यावरचे कौल हेच मुळात गरजूच्या हाताला काम देण्याच्या विचारातून आले आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

भिंतींचे दुखणे वेगळे आहे. मूळ भिंती विटांच्या, चुन्यात बांधलेल्या. पुढे कधीतरी ओल दिसू लागली म्हणून त्यांच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला गेला. चुन्याची भिंत जमिनीतली ओल घेते आणि बाहेर सोडून देते. वर सिमेंटचा थर बसला की ओल आत कोंडते. मग लोणा लागतो, पोपडे निघतात आणि विटांचा भुगा होऊ लागतो. रंगाचे कितीही हात दिले तरी उपयोग होत नाही. म्हणून खर्च वाढला तरी तो गिलावा उतरवायचा आणि पुन्हा चुन्याचा गिलावा करायचा असे ठरले आहे. त्याला वेळ लागतो. चुना भिजवून मुरवावा लागतो, गिलावा हळूहळू वाळू द्यावा लागतो. घाईचे हे काम नाही.

आता जुने घर ठेवण्याचे मुख्य कारण सांगतो. ते कारण म्हणजे हवा. आपल्या भागात क्षयरोग आहे. क्षयाचे जंतू खोकल्याबरोबर बाहेर पडतात आणि कोंदट खोलीत बराच वेळ हवेत तरंगत राहतात. उंच छप्पर, समोरासमोर मोठ्या खिडक्या आणि चहूबाजूंनी ओसरी असलेल्या या घरात वारा एकीकडून येतो व दुसरीकडून जातो. तेव्हा कोणी प्रेमाने खोटे छत आणि वातानुकूलन यंत्र देऊ केले तर आम्ही नम्रपणे नाही म्हणणार आहोत. थांबायची जागा उघड्या ओसरीवर असेल. खोकणाऱ्याला लांब रांगेत बसवायचे नाही, त्याला आधी तपासायचे, असा नियम राहील.

जुन्या घरात आरोग्यसेवा सुरू होणे आपल्या मंडळ्यांना नवे नाही. डॉ. क्लारा स्वेन १८७० साली बरेलीत आल्या. शेजारची मालमत्ता मिळावी म्हणून मिशनने रामपूरच्या नवाबांकडे विचारणा केली, तेव्हा त्यांनी ती विकत न देता दानच दिली. तिथले जुने घर नीट करून काम चालू झाले आणि १८७४ साली स्त्रियांचे रुग्णालय उभे राहिले. देणारे नवाब मुसलमान होते हेही आपण विसरू नये. वेल्लोरला डॉ. आयडा स्कडर यांनी १९०० साली वडिलांच्या बंगल्यात एका खाटेवर काम सुरू केले. दोन वर्षांनी, १९०२ साली, तिथे ४० खाटांचे रुग्णालय झाले. सुरुवात लहान होती, पण रोगी बाई आत यायला धजावेल अशी ती जागा होती.

हे ‘आत यायला धजावणे’ म्हणजेच या सगळ्या कामाची कसोटी आहे. त्याबद्दल थोडे स्पष्ट बोलतो.

आमची पाहणी चालू असताना जवळच्या पाड्यावरच्या काही वडीलधाऱ्या माणसांना आम्ही बंगल्याविषयी विचारले. एक आजी म्हणाल्या, “माझा बाप इथे पाणी भरायचा. पण तो या पायऱ्या कधी चढला नाही. साहेब वर, आम्ही खाली.” त्यांनी हे रागाने सांगितले नाही, जसे होते तसे सांगितले. त्या काळच्या मिशनऱ्यांनी या भागात शाळा काढल्या, औषधे वाटली, लोकांची बोली शिकून घेतली, याबद्दल आपण देवाचे उपकार मानतो. तरी तीन फूट उंचीचे जोते आणि त्याच्या दगडी पायऱ्या यांनी आत कोण आणि बाहेर कोण हे ठरवून टाकले होते, हेही खरे आहे. ज्यांच्यासाठी आपण हे घर उघडत आहोत, त्यांच्या घराण्यात हा बंगला ‘खालून पाहायचा’ असतो. भिंती नव्या केल्या आणि ही आठवण तशीच राहिली, तर तुमचे दान अर्धेच फळले असे म्हणावे लागेल.

मार्काच्या शुभवर्तमानात चौघे जण एका पक्षघाती माणसाला घेऊन येतात. दारात गर्दी असते. ते वर चढतात, छप्पर उकलतात आणि बाज खाली सोडतात. त्या घराच्या मालकाला नंतर छप्पर शाकारावे लागले असणार! प्रभूने मोडलेल्या छपराबद्दल कोणाला बोल लावला नाही. आजाऱ्याला आत येता यावे म्हणून घर मोडावे लागले तरी चालेल, हा त्यातला धडा बांधकाम समितीने मनावर घेतला आहे.

म्हणून पहिले काम दाराचे. तीन फुटांच्या जोत्याला चाकाची खुर्ची चढवायची तर एकास बारा या प्रमाणात उतार हवा, म्हणजे छत्तीस फूट लांबीचा, मध्ये थांबायला सपाट जागा असलेला. तो मागच्या बाजूला लपवायचा नाही. समोरच्या पायऱ्यांच्या शेजारीच असेल. खाट किंवा झोळी घेऊन येणारे आणि पायी येणारे, सगळे एकाच दारातून आत येतील. दिवाणखान्यात डॉक्टर बसतील, आणि ओसरीच्या कडेला एक लहान खोली अशी राहील की जिथे बाईला आपले दुखणे दुसऱ्या कोणाच्या कानावर न जाता सांगता येईल. पाट्या मराठीत असतील, आणि दारात भिल्ली, मावची, पावरी बोलणारे माणूस उभे असेल, कारण आजारपणात माणसाला आपलीच बोली सुचते.

दुसरे काम स्वयंपाकाचे. आपल्या भागात रोगी एकटा येत नाही. आई येते, भाऊ येतो, काखेतले मूल येते, भाकरीचे पीठ बांधून आणलेले असते. त्यांना चूल हवी, पाणी हवे, रात्री पाठ टेकायला जागा हवी. जुन्या बंगल्याचे मागचे स्वयंपाकघर दुरुस्त करून तिथे नातेवाइकांसाठी चुली व धूर जायला वाट करायची आहे. सिकलसेलच्या मुलांसाठी स्वच्छ पिण्याचे पाणी आणि थंडीत उबदार खोली या चैनीच्या गोष्टी नाहीत. शरीरातले पाणी कमी झाले किंवा गारठा लागला की त्यांच्या वेदना उफाळून येतात. देशात २०२३ च्या जुलैपासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम चालू आहे. तपासणीसाठी लोकांना उपकेंद्रापर्यंत पोहोचवणे आणि आशाताईंना मदत करणे हे आपले काम राहील.

तिसरे काम वेळेचे. दिवाळीनंतर आपल्या पाड्यांवरची अनेक कुटुंबे ऊसतोडीला आणि गुजरातेत मजुरीला जातात ती होळीला परततात. क्षयाचा साधा उपचारही निदान सहा महिन्यांचा असतो. स्थलांतरात तो तुटतो, आणि अर्धवट औषधाने रोग अधिक हट्टी होतो. सरकार औषधे फुकट देते. पोषणासाठी दरमहा ५०० रुपये मिळत असत, ते नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले आहेत. तरी हजार रुपयांत घर चालत नाही. चुन्याचे आणि छपराचे काम पावसाळा संपल्यावर सुरू होऊन मृगाच्या आत संपवायचे आहे, म्हणजे नेमके याच महिन्यांत. म्हणून समितीने ठरवले आहे की, बाहेरून मजूर न आणता ज्या घरात कोणी औषधावर आहे त्या घरातल्या धडधाकट माणसाला इथे आधी काम द्यायचे. सेवाघर उघडण्याआधीच त्याची सेवा सुरू होईल ती अशी.

आता प्रार्थनेविषयी. हिज्कीया राजा मरणाच्या दारी होता. त्याने रडून प्रार्थना केली आणि देवाने ती ऐकली. पण त्याच कथेत यशया संदेष्टा गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगतो. प्रार्थना आणि लेप एकाच खोलीत होते. आपल्या सेवाघरातही तसेच राहील. कोणाच्याही गोळ्या ‘विश्वास ठेव’ म्हणून बंद केल्या जाणार नाहीत. सर्पदंशाचा रोगी आला तर आधी १०८ ला फोन आणि गाडी. प्रार्थना गाडीत बसूनही करता येते. साप चावलेल्याला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तो कायदा फक्त भगतासाठी आहे असे समजू नका. आपल्या हातूनही असे होता कामा नये. आणि भगताला आपण वैरी मानायचे नाही. लोक आधी त्याच्याकडे जातात. रोग्याला वेळेवर पुढे पाठवण्यात तोच उद्या आपला सोबती होऊ शकतो.

आणखी एक. तपासणीला, औषधाला, जेवणाला, मुक्कामाला कोणतीही अट असणार नाही. प्रार्थना विचारून, संमतीने, उघड्या खोलीत होईल. जो नको म्हणेल त्याला तितक्याच आदराने चहा दिला जाईल. प्रभूने दहा कुष्ठरोग्यांना बरे केले, आभार मानायला एकच परत आला, म्हणून उरलेल्या नऊ जणांचे बरेपण त्याने काढून घेतले नाही.

मित्रहो, नहेम्याच्या पुस्तकातला तिसरा अध्याय वाचा. नुसती नावांची यादी आहे म्हणून आपण तो ओलांडून जातो. पण त्यात सोनार आहे, सुगंधी द्रव्ये करणारा आहे, एका बापाच्या मुली आहेत. आणि पुष्कळांनी आपापल्या घरासमोरचा तुकडा बांधला आहे. बावन्न दिवसांत कोट उभा राहिला तो असा, तुकड्यातुकड्याने. आम्हीही तुमच्याकडे तेच मागत आहोत. एखाद्या मंडळीने उतार घ्यावा, एखाद्या महिला संघाने चुली घ्याव्यात, तरुण संघाने सुट्टीत येऊन गिलावा उतरवण्याच्या कामाला हात लावावा. ज्यांच्याकडे जुन्या घराचे चांगले सागवान किंवा मंगलोरी कौले पडून असतील त्यांनी कळवावे. निवृत्त परिचारिकांनी महिन्यातून एक दिवस द्यावा. अंदाजपत्रक खजिनदारांकडे आहे. प्रत्येकाने ते मागून पाहावे, आणि शंका असेल तर विचारावी.

आणि रोज प्रार्थना करा. काम करणाऱ्या गवंड्यांच्या सुरक्षिततेसाठी, औषधावर असलेल्या घरांसाठी, आणि ज्या दिवशी घर उघडेल त्या दिवसासाठी. त्या दिवशी फीत कापायला कोणी मोठा पाहुणा बोलावणार नाही. त्या आजींना विचारले आहे. पायऱ्या त्यांना आता चढवत नाहीत. त्या उतारावरून येतील म्हणाल्या आहेत.

देव तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.